आडोशाची पाठ

स्वतःच्या घराचं दार कुठल्या रंगाचं आहे, असं सुसाटला विचारलं असतं तर त्याला जरा डोकं खाजवावं लागलं असतं. पण आडोशाची पाठ त्याने झोपेतून उठवलं तरी कागदावर उतरवून दिली असती. घामाचा पहिला डाग डाव्या खांद्याखाली पडे, मग तो मणक्याकडे सरके, तिथून कमरेला वळसा घाली आणि शर्यत संपत आली की त्या जर्सीवर एक अख्खा देश तयार होई, नद्यांसकट. मानेवर, हेल्मेटच्या पट्ट्याखाली, एक चामखीळ होती. तिच्यावर उगवलेला एकुलता एक केस कुठे झुकतो ते पाहून सुसाट वाऱ्याची दिशा सांगे. हवामान खातं अधूनमधून तोंडघशी पडे, त्या केसाचं मात्र कधी चुकलं नाही.

दोघांचा धंदा सायकल शर्यतींचा. सुसाट स्प्रिंटर होता. या कामाचं वर्णन ऐकलं तर कुणालाही वाटेल, हे तर आपणही करू. सकाळपासून दीड-दोनशे सायकलींच्या घोळक्यात लपून बसायचं, अंगाला वारा म्हणून लागू द्यायचा नाही, आणि शेवटचं गाव लागलं की शेवटची रेषा हाकेच्या अंतरावर आल्यावर सगळ्यांच्या पुढे निघून ती ओलांडायची. दिवसभर राबायचं इतरांनी आणि फुलं याच्या हातात. त्याच्या मांड्या म्हणाल तर अशा, की विमानात शेजारची जागा मिळालेला प्रवासी आपणहून उठे आणि उतरेपर्यंत मधल्या वाटेत उभा राही.

आडोशाचं काम त्याच्या पुढे राहण्याचं. सायकलस्वाराचा खरा वैरी वारा. जो पुढे असतो तो वारा फोडतो, जो मागे असतो तो फुकटात ओढला जातो. आडोसा बहुधा याच कामासाठी जन्माला घातलेला होता. खांदे असे की लिफ्टमध्ये तो तिरका शिरे. एका शर्यतीत दिवसभर धो धो पाऊस कोसळला, सगळा घोळका चिंब भिजला आणि सुसाट त्याच्यामागून उतरला तो कपड्यांच्या इस्त्रीच्या घडीसकट. ज्यांचा विश्वास बसत नाही त्यांनी बसवू नये. इस्त्री मोडली नव्हती ती नव्हतीच.

त्यांची पद्धत साधी होती. आडोसा पुढे, सुसाट त्याच्या मागच्या चाकाला चिकटून, मध्ये वीतभर अंतर. रेषा टप्प्यात आली की सुसाट मागून ओरडे, ‘जा.’ ते कानावर पडलं की आडोसा अंगात उरलंसुरलं सगळं पायांत ओती आणि मग दार उघडावं तसा डावीकडे होई. त्या दारातून सुसाट बाहेर पडे आणि जिंके. मात्र हाक आल्याशिवाय आडोसा जागचा हलत नसे. सुरुवातीला एकदा तो अंदाजाने बाजूला झाला होता आणि सुसाट उघड्यावर पडून पार मागे ढकलला गेला होता. त्या संध्याकाळी दोघांत ठरलं: हाक नाही तर दार नाही. मागे वळून बघायचंही नाही. “मागे बघितलं की मान वळते, मान वळली की खांदा वळतो, आणि खांदा वळला की आपण दोघं नाल्यात.” एवढं लांब वाक्य आडोसा वर्षातून एकदाच बोले.

अशी दहा वर्षं गेली. सुसाटचे फोटो भिंतींवर लागले, साबणाच्या खोक्यावर लागले, एका न्हाव्याच्या दुकानावरही लागले. फोटोत हात वर केलेला सुसाट असे आणि मागे कोपऱ्यात, धुरकट, कुणीतरी खाली मान घातलेला असे.

मग एका मुलाखतीत त्याची जीभ घसरली. जिंकून आला होता, अंगात रग होती, मुलाखत घेणाऱ्या बाई हसून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, “तुमच्यापुढे तो गृहस्थ नसता तर?”

“पुढे कुणीही चालतं हो,” सुसाट म्हणाला. “वाराच तर अडवायचा. कपाट लावलं तरी चालेल.”

बाई खूप हसल्या. दुसऱ्या दिवशी ते वाक्य जाड अक्षरांत छापून आलं. आडोशाने नाश्त्याच्या टेबलावर ते वाचलं, पेपरची नीट घडी केली आणि साखरेचं भांडं सुसाटकडे सरकवलं. काही बोलला नाही. तो एरवीही बोलत नसे, त्यामुळे सुसाटला त्यात काही निराळं दिसलं नाही.

हंगाम संपला तसा आडोशाला दुसऱ्या संघाने बोलावलं. त्यांच्याकडे एक नवा स्प्रिंटर आला होता, कोवळा आणि जबर. त्याच्यापुढे माणूस हवा होता. सुसाट खोलीत आला तेव्हा आडोसा बॅग भरत होता.

“चाललास?”

“हो.”

“सांगायचंस तरी.”

“सांगतोय की.” आडोशाने चेन ओढली, खोलीभर एकदा नजर फिरवली आणि कोपऱ्याकडे बोट केलं. “तुझ्यासाठी कपाट रिकामं करून ठेवलंय.”

आणि तो तिरका होऊन दारातून गेला.

पुढचं वर्ष सुसाटला जे गेलं ते वैऱ्यालाही जाऊ नये. संघाने त्याच्यापुढे एकामागून एक माणसं लावून पाहिली. पहिला इतका किडकिडीत की वारा त्याच्या आरपार येई आणि येताना थोडा गारही होऊन येई. दुसरा दर चार पॅडलांमागे मागे वळून बघे, कोंबडीने पिल्लं मोजावीत तसा. तिसरा बरा होता, पण त्याला उजवीकडे होण्याची खोड. सुसाट डावीकडच्या दाराची वाट बघत राही आणि दार भलत्याच भिंतीत उघडे. सुसाट कधी पाचवा आला, कधी बारावा, एकदा तर असा आला की नंबर विचारायची त्याला लाज वाटली.

हॉटेलांत आता त्याला एकट्याला खोली मिळे. मॅनेजरच्या मते तो मान होता. पूर्वी आडोसा शेजारच्या खाटेवर घोरत असे, असा की टेबलावरच्या ग्लासातलं पाणी गोल फिरू लागे. सुसाट दहा वर्षं त्या आवाजाला शिव्या घालत झोपला. आता खोलीत कुठलाच आवाज नव्हता आणि झोपही नव्हती. दुसरी खाट मोकळी असे. तिच्यावर तो कधी बॅग ठेवी, कधी टॉवेल पसरी. पण पसरलेला टॉवेल काही घोरत नाही. जेवणाच्या टेबलावर संघातली बाकीची मंडळी त्याला नीट वागवत, पाणी पुढे करत, मीठ पुढे करत, आणि तो उठून गेला की हसायला लागत. त्याच्यावर नव्हे. नुसतीच, मोकळी होऊन.

हरण्याचं दुःख असतं, पण त्याची सवय करता येते. सुसाटला खात होतं ते वेगळंच. छापून आलेलं ते वाक्य खरं होतं की खोटं? दहा वर्षं जिंकलं ते कुणी जिंकलं? आपण खरोखर वेगवान होतो, की एका रुंद माणसाच्या पाठीमागे बसून आलेले सामान होतो? धंदा सोडायला त्याची हरकत नव्हती. वय झालंच होतं. पण हे कळल्याशिवाय सोडायचं कसं? उरलेलं आयुष्य कोण म्हणून घालवायचं?

त्याने मालिशवाल्याला विचारलं. मालिशवाला जुना, केस पिकलेला, जगातल्या सगळ्या पायांना ओळखणारा आणि कुणालाही राजे म्हणणारा.

“मी हळू झालोय का?”

“पाय तर गेल्या वर्षीचेच आहेत, राजे.”

“मग?”

“मग काय. त्यांच्या पुढे जे असायचं ते काही चोळून परत आणता येत नाही.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे पालथे व्हा.”

हंगामातली सपाट रस्त्यावरची शेवटची शर्यत आली. करार संपत होता. मॅनेजरने ते बोलून दाखवलं नाही, फक्त पाठीवर जरा जास्त वेळ हात ठेवला. सुसाटने मनाशी ठरवलं होतं की आज जिंको न जिंको, आपण कोण याचा छडा लावायचा.

दिवसभर घोळका गप्पा मारत गेला. आडोसा तिथेच कुठेतरी होता, दुसऱ्या रंगाच्या जर्सीत. वर्षभरात दोघांची डझनभर शर्यतींत गाठ पडली होती आणि दोघांनी एकमेकांना फक्त मानेने विचारलं होतं. शहर आलं, तसा घोळका गप्प झाला. सायकली एकमेकींना चिकटल्या, कोपर कोपराला लागलं, कुणीतरी कुणाची तरी आई काढली. सुसाटपुढे त्याच्या संघातले दोघे होते. पहिला धापा टाकत बाजूला झाला, दुसरा उजवीकडे जाऊन गर्दीत हरवला. मग शेवटचं वळण आलं. तिथे रंगवलेल्या पट्ट्यांवर कुणाचं तरी चाक सरकलं, मागच्या मागे पाच-सहा जण एकमेकांवर आदळले, लोखंडाचा आणि शिव्यांचा एकच गलका झाला, आणि सुसाट त्यातून कसा निसटला हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

वळणातून बाहेर पडल्यावर त्याच्या लक्षात आलं की कानातला वारा थांबलाय.

त्याने वर पाहिलं. जर्सीचा रंग निराळा होता, पण तिच्यावर तोच देश होता, त्याच नद्या. चामखिळीवरचा केस सरळ मागे झुकलेला: वारा समोरून. आडोसा खाली मान घालून ओढत होता. त्याचा नवा स्प्रिंटर वळणावरच्या ढिगात अडकून राहिला होता आणि आडोशाला त्याचा पत्ता नव्हता. मागे तो बघत नसे आणि शेवटच्या टप्प्यात कानातला रेडिओ काढून टाकायची त्याची जुनी सवय होती; कानात कुणी बोललं की पाय ऐकत नाहीत, असं त्याचं म्हणणं. मागे कुणीतरी आहे एवढं त्याला कळत होतं. ते कुणीतरी म्हणजे आपलाच माणूस, असं धरून तो हाकेची वाट बघत होता.

सुसाटला क्षणभर रडू येईल असं वाटलं. वर्षभर तो परक्या खोल्यांत झोपला होता, परक्या पाठी बघत फिरला होता. आणि हे वीतभर अंतर, ही ऊब, हा घामाचा वास, इथे त्याला कुणी काही विचारत नव्हतं. इथेच बसून राहावं, रेषा आलीच नाही तर बरं.

पण रेषा येत होती. दोन्ही बाजूंना माणसं रस्त्याकडेला लावलेल्या पत्र्यांवर हात आपटत होती. त्याच्या घशात हाक तयार होती. ‘जा’ म्हटलं की काम झालं. त्या गोंगाटात आवाज कुणाचा हे कुणाला कळणार होतं? आडोशाने दार उघडलं असतं आणि सुसाट त्यातून बाहेर पडून जिंकला असता, अगदी पूर्वीसारखा. दुसऱ्याच्या चाकामागे बसायला या धंद्यात कुणी ना म्हणत नाही. पण दुसऱ्याच्या माणसाला आपली हाक मारणं ही चोरी. आडोशाला त्याच्या संघाने दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. ते एक झालंच. त्याहून वाईट म्हणजे मग पुन्हा कधीच कळलं नसतं.

सुसाटने दात आवळले, हाक गिळली आणि उजवीकडून बाहेर पडला.

वारा दहा वर्षं त्याला शोधत होता. आज सापडल्यावर त्याने सगळी कसर भरून काढली. छातीवर हात ठेवून कुणीतरी मागे लोटावं तसा तो लोटू लागला. सुसाटने मांड्यांना जे काही देणं शक्य होतं ते मागितलं. आडोशाच्या मागच्या चाकाशी आला. पॅडलशी आला. कमरेशी आला. तेव्हा आडोशाच्या डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. त्या जागी त्याच्या शेजारी कधी कुणी आलेलं नव्हतं. तिथे शेजार नसतोच. त्याने मान न वळवता डोळे फिरवले, आणि दहा वर्षं एका खोलीत राहिलेल्या त्या दोघांनी शर्यतीत पहिल्यांदा एकमेकांचं तोंड पाहिलं.

आडोशाचे पाय मात्र फिरतच राहिले. हाक आली नव्हती.

टायरच्या जाडीएवढ्या फरकाने आडोसा जिंकला. उभ्या आयुष्यात तो एकही शर्यत जिंकला नव्हता, त्यामुळे हीही जिंकलीय हे त्याच्या ध्यानात आलं नाही. तो खाली मान घालून तसाच पुढे गेला, फोटोवाल्यांच्या मधून गेला, फुलं घेऊन उभ्या असलेल्या मुलींच्या मधून गेला, अडथळे संपले तरी गेला, आणि चांगला तिसऱ्या चौकात एका वाहतूक पोलिसाने शिट्टी वाजवून त्याला थांबवलं, तेव्हा म्हणे त्याने विचारलं, “साहेब, मागे कुणी आहे का?”

त्याला परत आणून मंचामागच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. सुसाट तिथेच दुसऱ्या खुर्चीत बसला होता. आडोशाने टॉवेलने तोंड पुसलं, मान पुसली.

“हाक का नाही मारलीस?” त्याने विचारलं.

“तू बाजूला झाला असतास.”

“झालो असतो.”

“तुझ्या मॅनेजरने सोलून काढलं असतं तुला.”

“ते आहेच. पण तू जिंकला असतास.” आडोशाने टॉवेलची घडी घातली. “माझा पोरगा कुठे राहिला?”

“वळणावर. बरा आहे, गुडघा सोललाय फक्त.”

“बरं झालं.”

पुढून कुणीतरी माइक तपासत होतं. सुसाटने बुटांचे पट्टे सैल केले.

“एक विचारतो. खरं सांगशील?”

“विचार.”

“मी वेगवान होतो का रे? पूर्वी?”

आडोशाने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू काही त्याला परक्या भाषेत विचारलं होतं.

“मला काय माहीत?”

“दहा वर्षं तू तिथे होतास.”

“होतो ना. बाजूला झालो की माझं डोकं हँडलवर आणि डोळ्यांपुढे काजवे. लोक ओरडले की समजायचं, तू जिंकलास. नाही ओरडले की समजायचं, आता रात्रभर बडबड करशील. तुला जिंकताना मी कधी पाहिलेलंच नाही.”

“टीव्हीवर तरी?”

“टीव्हीवर सगळेच वेगवान दिसतात.” आडोशाने टॉवेल मांडीवर ठेवला. “आज पाहिलं तुला. पहिल्यांदाच.”

“काय पाहिलंस?”

“तोंड वासतोस. माशी जाईल एखादी.”

सुसाट हसला नाही. आडोशानेही त्याची अपेक्षा केली नव्हती.

“कमरेपर्यंत आलास,” आडोसा सावकाश म्हणाला. “वाटलं, जाशील पुढे. म्हटलं, जाऊ दे.”

“मग?”

“मग रेषा आली.”

“अजून जरासा रस्ता असता तर?”

“जरासा रस्ता नव्हता.”

तेवढ्यात मंचावरून माणूस आला आणि आडोशाला चला म्हणाला. आडोसा उठला, पुन्हा बसला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच भीती दिसली.

“वर गेल्यावर काय करायचं असतं?”

“हात वर करायचे.”

“दोन्ही?”

“दोन्ही. आणि हसायचं. फुलं छातीशी धरू नकोस, नंबर झाकला जातो. विजेत्याचा सदरा घालतील तेव्हा हात पुढे कर, नाहीतर गुदमरशील.”

“आणि बघायचं कुठे?”

“समोर,” सुसाट म्हणाला. “सगळे समोरच असतात.”

आडोसा गेला. लोक ओरडले. सुसाटला बसलेल्या जागेवरून मंच दिसत नव्हता, आणि तो उठला नाही. त्याचा मॅनेजर धावत आला, चेहरा फुललेला.

“दुसरा. वर्षातली सगळ्यात चांगली कामगिरी. पुढच्या हंगामाचं आपण बोलू. म्हणत असशील तर त्यालाच परत आणू तुझ्यापुढे. काय?”

“तो जिंकलाय आता,” सुसाट म्हणाला. “आणि पुढचा हंगाम माझा नाही. दुसरं कुणीतरी बघा.”

मॅनेजरने दोनदा समजावलं, मग घड्याळ पाहिलं आणि गेला. सुसाट सायकल हाताने ढकलत संघाच्या बसपर्यंत आला. बस रिकामी होती. मंडळी अजून आंघोळीला गेलेली. तो पायरीवर बसला आणि त्याने आईला फोन लावला. आई शर्यती बघत नसे, तिला धडधडायचं. ती त्या वेळेला टीव्ही बंद करून गॅलरीत झाडांना पाणी घाली.

“पडलास का?” आईने विचारलं.

“नाही गं.”

“मग आवाज असा काय?”

“दुसरा आलो.”

“कोण होतं पुढे?”

“आडोसा.”

आईने नळ बंद केल्याचा आवाज आला.

“मग त्यात काय झालं,” ती म्हणाली. “तो नेहमीच असतो पुढे.”

 आईने विचारलं, जेवलास का. तो हो म्हणाला. विचारलं, घरी कधी येतोयस. तो म्हणाला, येतोय आता, राहायलाच येतोय. तिला ते नीट ऐकू गेलं की नाही कोण जाणे, कारण ती शेजारणीला काहीतरी सांगत होती. फोन ठेवल्यावरही तो पायरीवर बसून राहिला. रस्त्यावर पत्रे काढायला सुरुवात झाली होती, एक माणूस रेषेवरची फुगवलेली कमान सोडवत होता आणि तिच्यातली हवा हळूहळू निघून ती गुडघ्यावर बसत होती. बसच्या मागून मालिशवाल्याने हाक मारली.

“राजे, या. पाय गार पडतील.”

“आलो,” सुसाट म्हणाला, आणि बसून राहिला.